महिपतीची दवंडी

दुपार कलली तशी उत्कर्षा देवळातली सतरंजी काखेत मारून घाटावरच्या पाराकडे निघाली. तालुक्याहून विस्तार अधिकारी चौकशीला येणार होते, त्यांना बसायला काहीतरी हवं होतं. चहाचं सामान तिने शेजारच्या बानूबाईंकडे दिलं होतं. नीरेचं पाणी आटून मधल्या धारेला लागलं होतं आणि त्याला वरच्या कुठल्याशा कारखान्याच्या मळीचा आंबूस, गोडसर वास येत होता. घाटआळीला त्या वासाची सवय झाली होती. सवय झाली, याचीच उत्कर्षाला सगळ्यात जास्त चीड यायची.

‘घाटआळी वार्ता’ हा मोबाईलवरचा ग्रुप ती चालवायची. नळाला पाणी कधी येणार इथपासून नदीत कुणाचे वाळूचे पंप चालतात इथपर्यंत सगळं त्यात यायचं. सरपंच हिंदुराव तिला तोंडावर ‘पत्रकार बाई’ म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही.

या हिंदुरावांना घाटाचं सुशोभीकरण करायचं होतं. सुशोभीकरण म्हणजे काय, तर पूर्वजांनी बांधलेला दगडी घाट उखडायचा, नदीकडची घरं पाडायची, सिमेंट ओतायचं आणि वर रंगीत दिवे लावायचे. ठेका मेहुण्याला. पाडायच्या घरांत पहिलं घर उत्कर्षाचं. या कामाला ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि तो झालाही होता म्हणे! आळीतल्या एकाही माणसाला त्या सभेचा पत्ता नव्हता. विचारायला गेलं की ग्रामपंचायतीचं उत्तर तयार होतं. रीतसर दवंडी दिली होती. कोणी दिली? कोतवाल महिपतीने.

ते ऐकून उत्कर्षाच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कारण महिपती गेल्या उन्हाळ्यातच बुडाला होता. हिंदुरावांच्या माणसांनी वाळू उपसून नदीत जो खड्डा करून ठेवला, त्यात. रोज गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाणारा माणूस, बघता बघता पाण्याखाली गेला. गळ्यात हलगी होती, तीही वर आली नाही. प्रेत सापडलं नाही म्हणून दाखला मिळाला नाही, आणि दाखला नाही म्हणून महिपती कागदावर जिवंतच राहिला. ज्यांनी त्याला मारलं, त्यांनीच त्याला परत कामाला लावलं होतं. लाज नावाची चीज या माणसांनी केव्हाच विकून खाल्ली होती.

दवंडीची आळीत एक जुनी रीत होती. महिपती घाटाच्या खालच्या पायरीवर उभा राहून हलगी वाजवायचा, पुकारा करायचा आणि उंबऱ्यांतून ‘ऐकली’ असं उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. ज्याने ‘ऐकली’ म्हटलं, त्याने सभेला यायचंच. कुणी चुकारपणा केला तर महिपती त्याच्या दारात बसून तो बाहेर येईपर्यंत हलगी बडवायचा. उत्कर्षाचे वडील मोहनराव त्याचे जुने दोस्त. त्यांचं उत्तर सगळ्यांत आधी जायचं, “ऐकली रं, महिपती!” आणि सभा दुसऱ्या दिवशी असली तरी ते लगेच खुंटीवरची टोपी झटकून, घडी घालून ठेवायचे.

अधिकारी आले. वयाने तरुण, बोलायला बरे होते. चौकशीच्या दिवशी मोहनराव नेमके कळंबला बहिणीकडे गेले होते, पण बाकी आळी झाडून पाराशी जमली होती. हिंदुराव पांढरेशुभ्र कपडे घालून पायऱ्यांवर उभे होते. उत्कर्षाने मोबाईल पाराच्या कट्ट्याला टेकवून चित्रण चालू केलं.

“साधी गोष्ट आहे,” अधिकारी म्हणाले. “आळीत कुणीच दवंडी ऐकली नसेल, तर मी ठराव रद्द करायला लिहितो. पण एकाने जरी ऐकली म्हटलं, तर मला काही करता येणार नाही.”

“न्हाय ऐकली,” एकेक जण सांगू लागला. “आमी तर घरातच हुतो. न्हाय ऐकली.”

मग बानूबाईंची पाळी आली. म्हातारीने हातातली किटली खाली ठेवली.

“म्या ऐकली,” ती म्हणाली.

“आजी, काय बोलताय तुमी?” उत्कर्षा खेकसलीच.

“खोटं कशाला बोलू पोरी? सांजच्याला भांडी घासत हुते. नदीकडनं हलगी वाजली... पाण्याखालनं वाजावी तशी. आवाज त्याचाच हुता. म्या उत्तर न्हाय दिलं. तोंडात पदर कोंबून बसले.”

हिंदुराव खदाखदा हसले. “लिवा साहेब, लिवा! त्यांचीच म्हातारी सांगतीय!”

उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. कागद गोळा करताना, तालुक्याला खेटे घालताना चपला झिजल्या होत्या, आणि आळीतलीच म्हातारी एका वाक्यात सगळं बुडवून मोकळी झाली होती. तिला वाटलं, ती किटली उचलावी आणि नदीत भिरकावून द्यावी.

आणि तेवढ्यात हलगी वाजली.

आधी कुणाला कळलंच नाही. पिंपळावरचे कावळे गप्प झाले तेव्हा कळलं. आवाज ओला होता. चामडं भिजलेलं असावं आणि तरी कुणी नेटाने बोटं मारत असावं, तसा. खालच्या पायरीवर कुणी नव्हतं. पायरी मात्र भिजत चालली होती. मळीचा वास एकदम दाटला, आणि त्यात दुसरा एक वास मिसळला. तो कशाचा ते सगळ्यांना कळलं.

“ऐका हो ऐका ऽ ऽ... उद्या दिस उगवायला... नदीतल्या खड्ड्यावर सभा हाय हो ऽ... ऐकली म्हणंल त्यानं यायचं हो ऽ ऽ...”

“तोंडं मिटा,” बानूबाई पुटपुटली. “कुनी बोलू नका... कुनीबी...”

अधिकाऱ्यांच्या हातातला पेन गळून पडला. उत्कर्षाने जीभ दातांखाली धरली.

हिंदुरावांना मात्र भीती शिवलीच नाही. त्यांना दिसत होता फक्त ठराव. ते ताडताड पायऱ्या उतरून खाली गेले आणि नदीकडे तोंड करून ओरडले, “ऐकली! ऐकली! बघा साहेब, दवंडी हाय का न्हाय? समद्या गावानं ऐकली!”

हलगी थांबली. उत्तर मिळालं होतं.

अधिकारी ‘पुढची तारीख कळवतो’ म्हणत गाडीत बसले ते मागे वळून न बघता गेले. हिंदुराव हसतच घरी गेले.

संध्याकाळी उत्कर्षाने चित्रण लावून पाहिलं. त्यात हलगी नव्हती. पुकारा नव्हता. नुसता वारा होता, आणि रिकाम्या नदीपुढे हातवारे करत ‘ऐकली, ऐकली’ ओरडणारे हिंदुराव होते. तिची भीती तिथल्या तिथे गेली आणि तिची जागा रागाने घेतली. घ्या म्हणावं आता सुशोभीकरण! तिने ते चित्रण ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, ‘रिकाम्या नदीला उत्तर देणारे आपले सरपंच. पुढे पाठवा, सगळ्या तालुक्याला बघू द्या.’ लोक हसले. लोकांनी पुढे पाठवलं.

सकाळी हिंदुराव सापडले. वाळूच्या खड्ड्यात, गळ्याइतक्या पाण्यात, मांडी घालून ताठ बसलेले. सभेला बसावं तसे. डोक्यावर पांढरी टोपी, तीही कोरडी. काम बंद पडलं, मेहुण्याची यंत्रं दुपारपर्यंत उचलली गेली. घाट वाचला. आळीत कुणी पेढे वाटले नाहीत, पण उत्कर्षाला खरं विचाराल तर वाईटही वाटलं नाही. महिपतीसाठी ती घाटावर पहिल्यांदा रडली.

घरी आली तर मोबाईल सारखा थरथरत होता.

‘ताई, काल नव्हतं ऐकू येत. आज येतंय. हलगी. ऐकली.’

‘ऐकली ताई. स्पष्ट ऐकली.’

‘इंदापुरात पण आलंय. ऐकली.’

तिने चित्रण लावलं. वारा होता... आणि वाऱ्याखाली ओली हलगी होती. “उद्या दिस उगवायला...” असं सुरू होताच तिने ते बंद केलं. ग्रुपवरून पुसायला गेली, पुसलंही गेलं. पण ते आता तिच्या हातात कुठे होतं? तिनेच तर सांगितलं होतं, पुढे पाठवा. तिने भराभर लिहिलं, ‘कुणीही उत्तर देऊ नका.’ त्याच्याखाली एकेक उत्तर येतच राहिलं. ऐकली. ऐकली. ऐकली. त्यात वाळूवाले नव्हते. त्यात आळीची माणसं होती, बारामतीला शिकणारी पोरं होती, कळंबच्या बायका होत्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला झालं.

पडवीत चपला वाजल्या. मोहनराव कळंबहून परतले होते.

“आबा!” ती धावत बाहेर आली. “आबा, फोन बघू तुमचा...”

मोहनराव बाजेवर टेकले होते. फोन कानाशी घट्ट धरलेला, आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आलेलं हसू.

“आगं, महिपतीचा आवाज हाय ह्यात! कोन म्हणतंय गेला म्हनून?”

“आबा, बोलू नका... काही बोलू नका...”

तिने त्यांच्या तोंडाकडे हात नेला, पण सवय तिच्या हातापेक्षा जुनी होती.

“ऐकली रं, महिपती,” मोहनराव मायेने म्हणाले.

मग उठून त्यांनी खुंटीवरची टोपी काढली, झटकली, घडी घालून उशाशी ठेवली.

“उत्कर्षा,” ते म्हणाले, “उद्या मला जरा लवकर उठीव गं.”