बिनफितीच्या शेळ्या

वडवणीच्या बाजारात सोमेश्वर बोकड विकायला उभा होता, तेवढ्यात ओढणी सावरत एक मुलगी आली.

"मला दहा शेळ्या पाहिजेत. एकाच वयाच्या, साधारण एकाच वजनाच्या."

"लग्नाच्या जेवणाला का?"

"प्रयोगाला. विकत नको, राहतील तुमच्याच गोठ्यात."

ती हसली... आणि उधारीवर शेपूटही न देणारा सोमेश्वर दहा शेळ्या कबूल करून बसला.

मोहिनी बीडला एम.एस्सी. करत होती. गळ्यात लाल फीत बांधलेल्या पाच शेळ्यांना चाऱ्यासोबत शेवग्याचा पाला. बिनफितीच्या पाचांना नुसता चारा. बाकी गोठा, पाणी, राखणदार, सगळं सारखं. "एकच गोष्ट बदलायची. म्हणजे फरक कशानं पडला ते कळतं," असं सांगताना ती कपाळावरची बट मागे सारायची. त्या बटेनं राखणदाराचं काय होतं, याची नोंद प्रयोगात नव्हती.

शेवटच्या वजनाच्या दिवशी लिंबाला काटा टांगला. दोन्ही गट सारखेच वाढलेले. मोहिनीनं पुन्हा वजनं घेतली. पुन्हा तेच.

"म्हणजे पाल्यानं काहीच होत नाही," ती हळूच म्हणाली. "सर आधीपासून हसत होते... वर्ष गेलं माझं."

सोमेश्वर पेचात पडला. गप्प बसावं, तर ती खोटा निष्कर्ष घेऊन जाणार. बोलावं, तर चिडून जाणार. जाणं दोन्हीकडून ठरलेलं.

"मॅडम... त्या दुसऱ्या पाचींना बी पाला घातला मी. रोज. तुमी गेल्यावर."

"का?"

"एका दावणीला पाच खायल्यात, पाच नुसत्या बघायल्यात. आमच्यात पंगतीला असं वाढत न्हाईत. पाप लागतं."

"शेळ्या आहेत त्या. पाहुण्या नाहीत."

"त्यांना कुठं ठाव हाय ते?"

एक बिनफितीची शेळी तिची ओढणी चघळत होती. मोहिनीनं ती सोडवली नाही.

"सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

सोमेश्वरनं दुःखी चेहरा करून पाहिला. जमला नाही.

"हसताय?"

"न्हाई... प्रयोग संपला की तुमी येणार न्हाईत, ह्या भेवानं लई दिवस जेवण जाईना."

ती काट्याकडे बघू लागली. काट्याला काहीच टांगलेलं नव्हतं.

"यावेळी दोन गट, दोन दावणी, मध्ये आडोसा," ती म्हणाली. "बाकी सगळं होतं तसंच. फक्त एक गोष्ट बदलायची."

"कोणती?"

"मॅडम म्हणायचं नाही."

दहाही शेळ्या सोमेश्वरकडं बघत होत्या.

"मोहिनी," तो म्हणाला.

फरक लगेच दिसला.