पुलाच्या खिडकीतली बाई

या, उजेड आहे तोवर इथे खिडकीपाशी बसा, म्हणजे चित्र नीट दिसेल.

जुने कागद धुऊन दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुकान तेव्हा जुन्या दगडी पुलाच्या टोकाला, कमानीवरच्या खोलीत होतं. वडिलांच्या मागे ते थोरल्या बहिणीचं नि माझं. पूल पाडायचा ठरला तेव्हा ताई म्हणाली, "दोघं मिळून नाही म्हणू. काय करतात बघू!" मग तिनंच हे चित्र आणलं. दीडशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. आमचाच पूल, आमचीच खिडकी. "सुनावणीत दाखवू. स्वच्छ कर," म्हणाली. मी मान मोडून कामाला लागलो.

दुपारी कागद पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला. पिवळा डाग हळूहळू सुटू लागला, जुन्या शाईचा आंबूस वास खोलीभर पसरला. आणि डागाखालून खिडकीत एक बाई वर आली. खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी, डावीकडे कललेली मान. थेट ताई! टोपीवाल्या माणसाच्या हातात किल्ली देत होती.

कुणीतरी नंतर काढलं असेल, म्हणून वाळल्यावर बोट फिरवलं. अशा छापात शाई कागदावर किंचित उठून लागते, पेनाची रेघ तशी लागत नाही. ही लागली. म्हणजे बाई मूळ छापातलीच.

संध्याकाळी ताई आली.

"ताई… किल्ली कुणाला दिलीस?"

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग हळूच, "तुला कुणी सांगितलं?… दुकान सोडायच्या कागदावर सहीपण करून आलेय रे. सुनावणी केव्हाच रद्द झाली."

"मग हे चित्र कशाला आणलंस?"

"तू कामात गुंतून राहशील म्हणून…"

सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला. त्यानंतर मी तिचं तोंड पाहिलं नाही.

पूल गेला. दगड ट्रकांत भरून नेले, तशी चित्रातली एकेक कमान पुसट होत गेली. आता बघा, नुसती नदी. आणि वर अधांतरी ती बाई, एकटीच.

आज सकाळी ताईचा फोन आला. नव्या घरात, सातव्या मजल्यावर राहते म्हणे. आवाज अगदी बारीक.

"अरे… उभी राहिले की पायाखाली जमीनच लागत नाही. खाली पाणी वाजतं… तुला काही माहीत आहे का रे?"

"नाही," म्हणालो आणि फोन ठेवला. खरं सांगतो, मला तिची दया आली नाही.

काल ही बाई पाण्यापासून दोन बोटं वर होती. आज पावलं बुडालीत. कागद मी कपाटात कोरडा ठेवला होता, तरी खालची कड ओली लागते.