खुंटीवरचं दावं

"त्या पोरानं गाय चोरली न्हाई. तेवढं सिद्ध करून द्या," महादेवीबाई म्हणाल्या.

लातूरला गंजगोलाईत भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत शिल्पाताई बिरादारांचं एका खोलीचं ऑफिस होतं. शिल्पाताई आधी पोलिसात होत्या. नोकरी सोडून आता खासगी तपासाची कामं घेत होत्या. सोबतीला त्यांचा मावसभाऊ रविकिरण. बँकेतून लवकर निवृत्त झालेला, गाडी चांगली चालवणारा आणि निकाल आधी लावून पुरावा मागून शोधणारा.

महादेवीबाई देवणीहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. साठी उलटलेली, कपाळाला विभूती, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीचे बंद त्या सारख्या पिळत होत्या.

हकिगत त्यांनी थोडक्यात सांगितली. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, मल्लिकार्जुनअप्पा यांची चंद्री नावाची गाय परवा पहाटे गोठ्यातून गेली. गाय म्हातारी, कधीची आटलेली, पण अप्पांचा जीव तिच्यात. रात्री गोठ्यातच बाज टाकून झोपायचे. शेजारच्या गल्लीतल्या गुलाम रसूलचा मुलगा मुनीब पहाटे एक गाय घेऊन जाताना अप्पांच्या पुतण्यानं, श्रीशैलनं पाहिला. मुनीब काहीच बोलत नाही. अप्पा आज संध्याकाळी पोलिसांत देण्याच्या तक्रारीवर सही करणार आहेत. मुनीबचं लग्न उदगीरच्या कशिशशी ठरलेलं आहे. तिच्या वडिलांनी निरोप धाडला आहे, आधी नाव साफ करा, मग तारखेचं बोला.

"तक्रार झाली की पोरगं गेलं," महादेवीबाई म्हणाल्या. "गाईचा मामला हाय. आन् पोरगं मुसलमानाचं. लोक कागद वाचत बसणार न्हाईत."

"तुमची गाय गेलीय, आणि तुम्ही त्याची बाजू घेता. इतकी खात्री कशाची?"

"माझ्या हातावर वाढलाय तो. त्याची आई बेगमबी बाळंतपणात आजारी पडली, तव्हा चंद्रीच्या आईचं दूध वाटीनं पाजलंय मी त्याला." त्या उठल्या. "मी आले होते म्हणून घरी सांगू नका. गुलाम रसूलनं बोलावलं म्हणा. मला मालकाच्या औषधाच्या वेळेला घरी पोचायचंय."

त्या जिना उतरल्यावर रविकिरण म्हणाला, "सोपं आहे. पुतण्यानं गाय विकली आणि आळ पोरावर घातला."

"पुतण्याला पाहिलंस का तू?"

"पाहायचं काय त्यात? पुतणे असेच असतात."

शिल्पाताईंनी पर्स उचलली. "गाडी काढ. आणि बाईंनी आपल्याकडं नेमकं काय मागितलं, ते विसरू नकोस."

देवणीत पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. अप्पांचा गोठा घरामागं, पत्र्याचा, एका बाजूनं कडब्याची गंजी. मधे रिकामी दावण आणि दावणीसमोर बाज. बाजेवर अप्पा बसले होते. उंच, हाडकुळे, छातीला हात लावून श्वास ओढणारे. उशाशी तोंडात फवारा मारायचा औषधाचा पंप होता.

गुलाम रसूलनं बोलावलं, हे ऐकून त्यांनी तोंड फिरवलं. "त्यानं वकील आणावा. इथं काय ठेवलंय?"

पण चंद्रीबद्दल विचारल्यावर ते बोलत राहिले. तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, बाकी अंग धुतल्यावाणी पांढरं. अनोळखी माणूस जवळ आला की शिंग रोखायची. अप्पांच्या आणि मुनीबच्याच मागं चालायची, घरच्या बायांना फक्त हात लावू द्यायची. रात्री अप्पांना ढास लागली की बाजेपाशी येऊन त्यांचा हात चाटायची.

"तुम्ही इथंच झोपता, मग गेली कशी?"

"पहाटं आंघोळ करून देवघरात लिंगपूजेला बसतो. तेवढाच वेळ मी इथं नसतो. पूजा करून आलो तर दावण मोकळी."

रविकिरण भिंतीकडं पाहत होता. भिंतीला खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीवर एकेक जुनं दावं. काही इतकी कुजलेली की हात लावला तर तुटावीत. हा कचरा कशाला जपून ठेवलाय, असं त्यानं विचारलंच.

"कचरा तुमच्या लातुरात," अप्पा म्हणाले. "हे शेवऱ्या बैलाचं. हे चंद्रीच्या आईचं. ह्या घरातून जनावर जातं, दावं जात न्हाई. न्हेणाऱ्यानं आपलं दावं आणावं. गोठ्याची बरकत दाव्यात असती."

रांगेच्या टोकाला काथ्याचं एक दावं होतं. ताजं, शेणाचा वास असलेलं, नीट वेटोळं करून टांगलेलं. शिल्पाताईंनी ते बोटानं हलवलं. "हे चंद्रीचं?"

अप्पांनी तिकडं पाहिलं नाही. "हाव," म्हणाले, आणि खोकायला लागले. महादेवीबाई घरातून धावत आल्या, पंप हातात दिला, पाठीवरून हात फिरवला. शिल्पाताईंकडं त्यांनी अनोळखी माणसासारखं पाहिलं.

श्रीशैल अंगणातच भेटला. धट्टाकट्टा गडी, आवाज मोठा. लपवायला त्याच्यापाशी काही दिसत नव्हतं. मागच्या महिन्यात गाय विकायला उदगीरहून दलाल आपणच आणला होता, हे त्यानं न विचारता सांगितलं. "काकानं काठी घेऊन माझ्या मागं धाव घेतली. दम लागून अंगणातच बसला. ती काठी तिथंच पडलीय, बघा."

"मुनीबला कुठं पाहिलंस?"

"मांजरा नदीकडं जाणाऱ्या वाटंवर. मी विहिरीवरची मोटार चालू करायला चाललो होतो. पुढं हा, मागं पांढरी गाय. गळ्यात नवं कोरं दावं, लाल-निळं, चमकून राहिलं होतं. म्हणून मला वाटलं, कुणीतरी बाजारातून इकत घेतलेली असंल. घरी आलो तर इथं बोंब."

"तो धावत होता? लपत होता?"

श्रीशैलनं डोकं खाजवलं. "न्हाई. हळू चालला होता. गाय थांबली की हाबी थांबायचा."

रविकिरणचा चेहरा पडला. पुतण्या खोटं बोलतो असं वाटेना. मग चोर मुनीबच ठरत होता.

स्वयंपाकघरात सून मंजुषा भाकरी थापत होती. नवरा पुण्याला नोकरीला, ती सासू-सासऱ्यांजवळ लहान शिवांशला घेऊन. तिनं बसायला पाट दिला आणि हात न थांबवता बोलत राहिली. गाईचं नाव काढताच नाकाला मुरड घातली.

"ह्या घरात आधी गाय, मग माणसं. लातूरच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, कडब्याच्या धुळीनं छाती गेलीय, गोठ्यात पाय ठेवला तर पुढच्या हिवाळ्याची खात्री न्हाई. अप्पा काय म्हणले? चंद्री हाय तवर मी गोठ्यातच. ह्यांनी फोनवर सांगून बघितलं, स्वामींना मधे घालून बघितलं. ऐकतंय कोण?"

"आणि सासूबाई?"

"अव्वाबी तशाच. रोज पहिली भाकर गाईची. शिवांशच्या डब्याची घाई असली तरी आधी गाईचा घास. परवा मात्र विसरल्या. पहिली भाकर माझ्याच ताटात घातली. मी म्हणलं, अव्वा, आज सून गाईपेक्षा मोठी झाली का? तर पदरानं डोळे पुसत बसल्या. चुलीचा धूर, म्हणल्या."

"हे गाय गेल्याची अप्पांची हाक ऐकल्यावर?"

"न्हाई, आधी. हाक मग आली."

शेवटी शिल्पाताईंनी विचारलं, इतक्यात घरी कुणी पाहुणं आलं होतं का. मंजुषा म्हणाली, कोण येतंय इथं? गेल्या आठवड्यात अव्वांची माहेरची मैत्रीण केवळाबाई आली होती, मांजरेकाठची. तिच्याकडं देवणी जातीच्या गाईंचा कळपच आहे. घरात बसलीच नाही, अव्वांसोबत गोठ्यातच बसून राहिली, चहासुद्धा गाईपाशी बसूनच प्याली.

गुलाम रसूलचं गादीघर पलीकडच्या गल्लीत होतं. मुनीब कापसाच्या ढिगात बसून उशी भरत होता. दूध संकलन केंद्रातल्या कामावरून त्याला कालच घरी बसवलं होतं. बेगमबी दारात उभी होती. पोरगं चोरी केली नाही म्हणून कुराणावर हात ठेवायला तयार आहे, पण पहाटे कुठं होतास विचारलं की दातखीळ बसते, असं ती म्हणाली. "उदगीरचे लोक काय समजतील, बाई? आम्ही तरी काय समजायचं?"

रविकिरणनं बरेच प्रश्न विचारले. मुनीबनं एकाचंही उत्तर दिलं नाही. शिल्पाताईंनी एकच विचारला.

"वाटंत ती थांबत होती, तेव्हा तू ओढलं नाहीस. का?"

मुनीबचा हात कापसात थांबला. "ताई, मला विचारू नका. मी शब्द दिलाय."

"कुणाला, ते नाही विचारत," शिल्पाताई म्हणाल्या, आणि उठल्या.

दिवस कलायला लागला तेव्हा सगळे गोठ्यात जमले. श्रीशैल तक्रारीचा लिहिलेला कागद घेऊन आला होता. गुलाम रसूल मुनीबला घेऊन दाराशी उभा होता, आत येऊ की नको अशा पायानं. महादेवीबाई आणि मंजुषा कडब्याच्या बाजूला.

"सही करण्याआधी माझं ऐका, अप्पा," शिल्पाताई म्हणाल्या. "श्रीशैल खरं बोलतो. परवा पहाटे चंद्रीला मुनीबनंच नेलं."

गुलाम रसूलनं मुलाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. 

"पण ही चोरी नाही. चोराला घाई असते. तो दावं सोडत बसत नाही, गाय आहे त्या दाव्यानिशी नेतो किंवा दावं कापतो. इथं जुनं दावं सोडलं, वेटोळं केलं, तुमच्या रांगेत खुंटीवर टांगलं. आणि गाय गेली ती नव्या दाव्यानं, श्रीशैलनं पाहिलेल्या लाल-निळ्या. जनावर जातं, दावं जात नाही, न्हेणाऱ्यानं आपलं आणावं, हे तुम्हीच सांगितलं. म्हणजे चंद्रीला कुणी चोरलं नाही. ह्या घरानं तिला दिलं. देणारं माणूस लपून देत होतं, पण हाताला वळण ह्याच घराचं. दावं टांगलं गेलंच."

 शिल्पाताईंनी आवाज खाली आणला.

"तुम्ही पूजेला बसता ती वेळ घरच्या माणसालाच ठाऊक. श्रीशैलला गाय विकायचीच होती, पण तो देणारा असता तर मुनीबला पाहिलं हे त्यानं कशाला सांगितलं असतं? मंजुषाला गाय नको होती. पण तिनंच मला सांगितलं की परवा पहिली भाकर गाईला निघाली नाही. तुमची हाक यायच्या आधीच. गोठा मोकळा झालाय हे अजून कुणाला माहीत नव्हतं. एका माणसाला होतं. त्याला घास काढायचा कुणासाठी, हा प्रश्न पडला होता."

मंजुषानं सासूकडं पाहिलं आणि हात तोंडावर नेला.

"आणि अप्पा, मला गुलाम रसूलनं बोलावलं नाही. बोलावणारीनं मुनीबला सोडवा म्हटलं. ज्या घरची गाय गेली त्या घरच्या बाईनं गाय शोधा असं एकदाही म्हटलं नाही. कारण ती कुठं आहे, हे तिला माहीत होतं. मांजरेकाठी, केवळाबाईच्या कळपात. नवं दावं केवळाबाईच ठेवून गेली असणार."

महादेवीबाई पुढं आल्या. अप्पांच्या पायाशी बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

"मीच दिली," त्या म्हणाल्या. "रात रात तुमचा श्वास मोजते मी भिंतीपलीकडून. ती गेल्यापासनं दोन राती तुम्ही घरात झोपलात, सलग झोपलात. आज सांगावं, आज सांगावं, असं म्हणत होते. पण सांगितलं असतं तर तिला तसंच माघारी आणलं असतं तुम्ही. माझ्या मागं ती चालंना, म्हणून मुनीबला शपथ घातली. त्याच्यावर येईल हे मला वाटलंच न्हाई. आलं, तव्हा तोंड उघडंना. एकीकडं तुम्ही, एकीकडं हे पोरगं. म्हणून लातूरला गेले. वाटलं, पोरगंबी सुटंल आन् मलाबी बोलावं लागणार न्हाई."

"मग मला का न्हाई सांगितलंस रे?" बेगमबी कधी दाराशी आली होती कुणाला कळलं नव्हतं. 

अप्पा बराच वेळ खुंट्यांकडं पाहत होते. आता पहिल्यांदा ते टोकाच्या दाव्याकडं पाहत होते.

"दावं मला त्याच दिवशी दिसलं," ते म्हणाले. "मी पाहिलं आन् नजर काढली. चोर हाय म्हणलं की चोराला शिव्या देता येतात. घरचं हाय म्हणलं तर काय करायचं? दोन दिस सही करंना मी. श्रीशैलला वाटलं, हात कापतोय."

त्यांनी श्रीशैलच्या हातातला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि पंपाखाली ठेवला. मग गुलाम रसूलला म्हणाले, "आत ये की. दारात काय उभा? सकाळी आपण दोघं उदगीरला जाऊ. कशिशच्या बापाला मी सांगतो. माझी चूक हाय, मीच सांगायला पाहिजे."

"आणि चंद्री?" रविकिरणनं विचारलं. त्याला राहवलं नाही.

"दिलेलं जनावर माघारी आणत न्हाईत," अप्पा म्हणाले. "तिथं उघडं रान हाय, धूळ न्हाई. जाऊन बसीन कधी कधी." बायकोकडं त्यांनी पाहिलं नाही, पण बाजेवर सरकून जागा केली. महादेवीबाई बसल्या.

शिल्पाताई निघाल्या. त्या गाडीपर्यंत पोचायच्या आधी गोठ्यातून अप्पांचा आवाज आला. मुनीबला विचारत होते, हळू, जणू दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये.

"जाताना मागं वळून बघितलं का रं तिनं?"

"हाव, अप्पा. थांबून थांबून. म्हणून तर उशीर झाला."

आत कुणीतरी कंदिलासारखा एकच बल्ब लावला. मंजुषा ताटलीत भाकरीचा तुकडा घेऊन आली आणि सासूच्या हाती दिला. उद्या केवळाबाईकडं कोणी जाणार असेल तर सोबत धाडा म्हणाली, पहिल्या भाकरीचा आहे.

रविकिरणनं गाडी चालू केली आणि बराच वेळ कुठलाच निकाल लावला नाही.