दुपारच्या ड्रॉपनंतरची पाच मिनिटं

२००५ सालच्या दिवाळीआधी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, आणि सहाव्या दिवसापर्यंत मी पुरता वैतागलो. डोक्यावरून अंघोळ नाही. वाकायचं नाही. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरात फिरकायचं नाही. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. घरातल्या घरात काळा चष्मा. दिवसातून चारदा ड्रॉप, आणि दर वेळी पाच मिनिटं डोळे मिटून उताणं पडायचं. माझ्या बायकोनं, शुभदानं, या सगळ्याचा तक्ता करून कपाटाला चिकटवला होता. ती यवतमाळातच शाळेत शिकवते. तिथं पोरांना शिस्त लावून तिचं भागत नव्हतं.

"मी काय तिसरीत आहे का?" मी म्हणालो.

"तिसरीतली मुलं ऐकतात," ती म्हणाली.

मी कापसाचा ग्रेडर. राळेगावच्या बाजूला एका खरेदी केंद्रावर सव्वीस हंगाम बसलो. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, धागा ओढून लांबी बघायची, रंग बघायचा आणि प्रत सांगायची. यंत्र नाही, मोजपट्टी नाही. माझे डोळे आणि माझी बोटं. दिवाळीनंतर खरेदीचा मुहूर्त होता. तोवर डोळा ठीक झाला नाही तर माझ्या जागी दुसरा बसेल आणि मला ऑफिसात फायली लावायला बसवतील, हे साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

रोज सकाळी शुभदा कापूस पाण्यात उकळायची, पिळायची आणि त्यानं माझी पापणी नाकाकडून कानाकडे पुसायची. त्या दिवशी पुसून झाल्यावर मेडिकलमधून आणलेली कापसाची गुंडाळी माझ्या मांडीवर राहिली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी एकेक डोळा झाकून ती बघत बसलो. उजव्यानं पांढरी शुभ्र. डाव्यानं पिवळट, जुन्या धोतरासारखी.

पुन्हा पाहिलं. खिडकीशी नेऊन पाहिलं.

"शुभदा, हा कापूस कसा दिसतो?"

"पांढरा. आणखी कसा दिसणार?"

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता. तो पुढच्या वर्षी काढायचा होता. मोतीबिंदू पिवळा असतो, सावकाश पिकतो, तुमच्या दोन्ही डोळ्यांत चारेक वर्षं तरी असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे चार हंगाम. चार हंगाम मी गाड्यांमागून गाड्या पिवळ्या ठरवल्या, खालची प्रत दिली, आणि पिवळेपणा माझ्याच डोळ्यात होता. आधीच भाव पडलेले. लोक तीन-तीन दिवस रांगेत गाडीखाली झोपायचे. त्या सालांत एक प्रत खाली गेली की शेतकऱ्याच्या घरात काय होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

तानाबाई नावाच्या एका म्हातारीनं तेवढं तोंड उघडलं होतं. "उन्हात नाई, सावलीत वायवला मीनं, साहेब. पिवया काहून म्हन्ता? एकडाव अखीन पाहा."

"बाई, ग्रेडर मी आहे की तुम्ही?" मी म्हणालो होतो. तिनं माझ्या हातातली मूठ परत घेतली, गाडीत टाकली आणि गेली.

मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि तो मी जेवताना भाजीवर काढला. शुभदाला काही सांगितलं नाही. कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं. सव्वीस वर्षांत कमावलेलं नाव होतं.

दुपारी दोनचा ड्रॉप माझा मीच घालायचो, कारण शुभदा तेव्हा शाळेत असे. दुसऱ्या दिवशी दाराला कडी लावली, ड्रॉप घातला, डोळे मिटून पडलो. उजवा तळहात चादरीवर उघडा होता. त्यात काहीतरी ठेवलं गेलं. हलकं, उन्हानं कोमट.

बोटांनी लगेच ओळखलं. सरकीसकट कापूस. काडीकचरा नाही. मी सवयीनं धागा ओढला. लांब, एकसारखा.

डोळे उघडले. हात रिकामा. कडी तशीच.

ड्रॉपमुळे भास होतात का, असं मी डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं. त्या हसल्या नाहीत, पण नाही म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस दोन वाजता तेच. आता पलंगाशी कुणीतरी उभंही असायचं. बोलत नसे. प्रत ऐकायला माणूस जसं श्वास धरून उभं राहतं, तसं. ते थांबणं मी सव्वीस वर्षं अनुभवलंय; त्यात माझी चूक होणार नाही.

चौथ्या दिवशी मी चिडलो. घरात वाकायची चोरी, डोक्यावर पाणी घ्यायची चोरी, आणि आता पलंगावरही केंद्र उघडायचं? कापूस अव्वल होता. बोटं सांगत होती. पण एकदा पहिली प्रत म्हटलं की मागचे चार हंगाम कबूल करावे लागले असते.

"पिवळा आहे," मी म्हणालो. "दुसरी प्रत."



हातावरची कापसाची मूठ उचलली गेली. सावकाश, माझ्या हाताला बोट लागू न देता.

डोळे उघडले. छत पिवळं होतं. डावा डोळा झाकला. तरी पिवळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकळलेला कापूस पिवळा. शुभदा म्हणाली, पांढरा आहे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. "काका, लेन्स काचेसारखी स्वच्छ आहे. शेवटची ओळसुद्धा वाचलीत की." त्यांचा कोट पिवळा होता. मी ते बोललो नाही.

मग रोज दोन वाजता हात उघडा टाकून पडलो. काही आलं नाही. "पहिली प्रत," मी रिकाम्या खोलीला मोठ्यानं सांगितलं. मुहूर्त दहा दिवसांवर आला होता.

दिवाळीची सुट्टी लागली. शुभदा दुपारी शेजारच्या पलंगावर आडवी झाली. मी ड्रॉप घातला आणि डोळे मिटले.

"पांढरा आहे," शुभदा म्हणाली.

पाच मिनिटं झाली नव्हती. मी डोळे उघडले.

ती गाढ झोपली होती. पोटावर तिची बोटं काहीतरी ओढत होती. अंगठे जोडून, मग सावकाश लांब करत. शुभदानं उभ्या जन्मात कापसाचा धागा ओढून पाहिलेला नाही.

"पहिली प्रत," ती झोपेतच म्हणाली, आणि तळहात उघडून दोन पलंगांच्या मधल्या जागेत धरला.

हातावर काही नव्हतं. मी नीट पाहत होतो. तळहाताची कातडी तीन ठिकाणी, बोटं टेकल्यासारखी, किंचित दबली आणि सुटली.

मी घाईघाईनं माझा हात पुढे केला.

"मलाही दाखवा," मी म्हणालो. "एकदा."

बराच वेळ काही झालं नाही. मग माझी बोटं, रिकाम्या तळहातावर एकेक करून, कुणीतरी हळूच मिटवली.