चोविसावा ठोका

२००३ सालची गोष्ट. नाशिकजवळ सातपूरला एका लहान कारखान्यात मी नोकरीला होते. खेड्यांतल्या दवाखान्यांसाठी आम्ही नाडीचं यंत्र बनवत होतो. बोटाला चिमटा लावला की दोन ठोक्यांमध्ये किती वेळ गेला, तो आकडा संगणकावरच्या फाइलमध्ये उतरायचा. एका ओळीत एक आकडा, सेकंदाच्या हजाराव्या भागात.

हे काम गोरक्षचं. पेठ तालुक्याकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, अबोल. चाचणीला तो स्वतःचंच बोट द्यायचा. एकदा म्हणाला, "उज्वलाताई, तेवीस आकडे फार मोठे आलेत. ठोका मध्येच थांबल्यासारखे."

मी मान वर न करता म्हटलं, "चिमटा हलला असेल. काढून टाक त्या ओळी."

त्यानं काढल्या. अठराशे ओळी उरल्या. दोन महिन्यांनी खोलीवर झोपेतच तो गेला. शेजारी झोपलेल्या, खोलीतल्या जोडीदाराला जाग आली, त्यानं घड्याळ पाहिलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.

त्याचं अर्धवट काम माझ्याकडे आलं. गोरक्षनं सगळं स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाच्या सोप्या भाषेत लिहिलं होतं. तिथे फाइलचं नुसतं नाव दिलं की आकडे हजर. यंत्राला मात्र सी ही भाषा लागायची, आणि सीमध्ये आपोआप काही होत नाही. फाइल उघडा, एक ओळ वाचा, आकडा तपासा, मग पुढची ओळ. त्याचा एकेक ठोका मला हातानं उचलून ठेवल्यासारखं वाटायचं.

कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी त्याची आई, नवसाबाई, त्याचं सामान न्यायला येणार होती. एक स्वेटर, डबा, दोन पुस्तकं. तिची वाट बघत मी प्रोग्राम पहिल्यांदा चालवला. आकड्याइतका वेळ थांबून तो प्रत्येक ठोक्याला बारीक आवाज करायचा.

"कसला आवाज गं?" ती दारात उभी होती.

खोटं बोलवलं नाही. "गोरक्षच्या नाडीचा, मावशी. जुना आहे... फाइलमध्ये राहिलेला."

ती खाली फरशीवरच बसली. बाहेर यंत्रं बंद, तेलाचा थंड वास, आणि तो आवाज. टिक... टिक... मग थांबला. एवढा खंड त्या फाइलमध्ये नव्हताच. तीन सेकंदांनी पुन्हा टिक.

"ल्हानपनी असंच व्हायचं," ती हळू म्हणाली. "मी छातीला कान लावून बसायची. थांबायचा... परत यायचा. डागदर म्हनला, मोठा झाला की जाईल."

पुढे मी खंड मोजत गेले. तेवीस भरले.

"मावशी, त्यानं मला विचारलं होतं. मीच म्हटलं, काढून टाक..."

पडद्यावरची नजर तिनं हलवली नाही.

ओळी संपल्या असाव्यात. आवाज बंद झाला, पण प्रोग्राम संपेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी तो बंद करायला हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"थांब. येल तो."

दुपारचे तीन वाजत होते. एकच ठोका आला. अगदी मंद.

"आला," ती म्हणाली. माझा हात सोडला, पदर तोंडाशी धरला आणि रडली. पडद्यावर एकूण ओळी आल्या: अठराशे चोवीस.

तिला पेठच्या गाडीत बसवलं. खिडकीतून तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, तो मला सहन झाला नाही. परत येऊन गोरक्षची फाइल उघडली. अठराशेच ओळी. प्रोग्राम पुन्हा चालवला, तरी अठराशेच. नंतर कितीही वेळा चालवला तरी तेवढ्याच. आमच्या यंत्रात मात्र मी मोठा आकडा कधी गाळू दिला नाही. तो आला की घंटा वाजते.

वाचलेले आकडे दुसऱ्या फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय मी प्रोग्रामात केली होती. पहिल्या वेळची ती फाइल माझ्याकडे अजून आहे. तिच्यात अठराशे चोवीस ओळी आहेत. तेवीस लांब खंड जागच्या जागी आहेत, आणि शेवटचा आकडा दहा अंकी आहे. त्या संध्याकाळी मी कॅल्क्युलेटरवर भागून त्याचे दिवस-तास तीनदा काढले.

चाळीस दिवस आणि अकरा तास. गोरक्ष गेला त्या पहाटे चारपासून, त्या दुपारी तीनपर्यंत.