सात नंबरवर कोण बसलंय

शिरोलीच्या अलीकडं ओतकामाचा एक कारखाना होता, त्यातली ही गोष्ट. साल सत्त्याण्णव. ऑफिसात काचेच्या खोलीत कॉम्प्युटरचं एकच मोठं मशीन, आणि त्याच्या वायरी गेटवर, स्टोअरात, प्रयोगशाळेत अशा सात ठिकाणी गेलेल्या. प्रत्येक ठिकाणी एक पडदा, एक कीबोर्ड. मशीन मधेच बंद केलं तर जो कोण बसलाय त्याचं काम अर्ध्यात मरायचं. म्हणून आधी मशीनलाच विचारायचं, बाबा, कोण कोण बसलंय? तीन अक्षरं दाबली की ते नावं सांगायचं. कितव्या नंबरवर, किती वाजल्यापासून, तेही.

मग ती यादी, काचेच्या खोलीतलं एक नंबरचं नाव सोडून, कागदावर काढून गुंडू शिपाई हिंडायचा. एकेकाला उठवायचा, नावापुढं खूण करायचा.

ही शिस्त लावली अंजना कांबळे बाईंनी. पेठ वडगावच्या. घरातली नोकरी करणारी पहिलीच पोर, पण कामात अशी की साहेबसुद्धा तिच्या खोलीत चपला काढून यायचा. गुंडू तिसरी नापास. बाईंनी त्याला इंग्रजी शिकवलं नाही, नावांचे आकार शिकवले. "मधी गळ लोंबतोय ते नाव माझं," इंग्रजी j वर बोट ठेवून म्हणायच्या. आणि एक गोष्ट दरडावून सांगितलेली. "गुंडूमामा, कागदावर नाव हाय तवर तिथं माणूस हाय. तोंड बघितल्याबिगार खूण करायची न्हाय." बोलताना तोंडात कायम वेलदोडा.

तसलं माणूस आता मिळत नाही. दिवाळीत काविळीनं गेल्या.

त्यांच्या जागी अतुल आला. पोरगं हुशार, पण उतावळं.

मार्चात एका दुपारी लाइट गेली. मशीन, पडदे बॅटरीवर चालू राहिले, पण भट्टीत टनभर लोखंडाचा रस तयार होता. जनरेटर लावून, भट्टी कलती करून तो ओतला नाही तर रस आतच गोठणार, भट्टी कायमची बाद. आणि जनरेटरच्या पहिल्या झटक्यानं मशीन एकदा जळालेलं, म्हणून आधी मशीन बंद करायची पद्धत. गुंडू कागद घेऊन पळाला. चार नावं, चार माणसं उठवली. पाचव्या ओळीवर त्याची नजर थांबली. मधी गळ लोंबत होता.

तो खोलीत परत आला.

"अतुलसाहेब, सातावर बाई हायत."

"कुठल्या बाई?"

"अंजनाबाई."

अतुलनं कागद ओढून घेतला. "त्यांचं नाव मी सवता काढून टाकलंय मशीनमधनं. आणि सात नंबरचा पडदा तर कवाच उचलला."

"किती वाजल्यापास्नं लिवलंय?"

अतुलनं ओळीवर बोट फिरवलं. "आज... दोन-दहा."

दोन-दहालाच लाइट गेली होती.

तेवढ्यात भट्टीवरचा मुकादम जयसिंग दारात आला, घामानं निथळत. "काय सत्यनारायण घातलाय का हितं? रस गोठाय लागलाय."

"गुंडू, कर खूण," अतुल म्हणाला.

"तोंड बघितल्याबिगार न्हाय करत."

"मेलेल्या बाईचं तोंड बघणार तू?"

"उद्यापास्नं वाळू चाळाय ये," जयसिंग म्हणाला. "मग बघ तोंडं."

"येतो की. पण पाच मिंटं जनरेटरला हात लावू नगा." आणि तो चालायला लागला. गुंडू आयुष्यात कुणाला उलटून बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला.

सात नंबर म्हणजे लाकडी साच्यांची खोली, पार मागं. दिवाळीपासून बंद. कडी नुसती लोटलेली होती. आत भर दुपारी अंधार. भुश्शाचा, लाखेचा वास. मांडण्यांवर लाकडी साचे, तुटल्या हातापायांसारखे. आणि आतून आवाज येत होता... टक... टक टक... टक.

बोटांचा आवाज. कीबोर्डवरचा.

गुंडूच्या मानेवर काटा आला. तो भिंतीला धरून पुढं सरकला. टेबल रिकामं. भिंतीतून एक तुटकी वायर लोंबत होती, दुसरं काही नाही. आवाज थांबला. आणि वेलदोड्याचा वास आला.

"बाई..." तो रिकाम्या टेबलाला म्हणाला. "उठा. मशीन बंद करायचं हाय..."

"कोण हाय त्ये?"

आवाज वरून आला. मांडणीच्या मागं शिडी, शिडीवर पिराजी वायरमन. दोन्ही हातांत उघडी तांब्याची तार.

"तू हितं काय करतोस?"

"लाइट गेली, म्हटलं तेवढ्यात जुनी लाइन जोडून घ्यावी. पाच मिंटाचं काम. कुणाला सांगत बसायचं?"

"उतर," गुंडू एवढंच म्हणाला. जनरेटर लागला असता तर सगळा करंट याच तारेत आला असता. "एकटाच हुतास?"

पिराजी संक्रांतीला कामाला लागलेला. त्यानं बाईंना कधी बघितलं नव्हतं. "न्हाय की. खाली एक बाई टाइप करत हुत्या. म्हटलं हापिसातल्या आसतील."

दोघं काचेच्या खोलीत आले. पिराजीचं ऐकून जयसिंगनं डोक्यावरची टोपी काढली. अतुलनं परत तीन अक्षरं दाबली. पडद्यावर दोनच ओळी. एक अतुलची. दुसरीत गळ. दोन्हींपुढं नंबर एकच, पहिला.

"एक नंबर म्हंजे..." अतुल पुटपुटला.

"तुम्ही बसलाय ती खुर्ची," गुंडू म्हणाला.

अतुल सावकाश उठला, भिंतीला जाऊन टेकला. गुंडू मात्र रिकाम्या खुर्चीपुढं हात जोडून उभा राहिला. "बाई, पिराजी उतरला. समदी उठल्यात. आता तुम्ही बी उठा."

खुर्ची चाकांवर वीतभर मागं सरली.

अतुलनं लांबूनच, हात ताणून मशीन बंद केलं. जनरेटर लागला, भट्टी वाचली. वाळू चाळायचं पुन्हा कुणी काढलं नाही.

सात वर्षांनी ते मशीन भंगारात निघालं. टेम्पोत चढवलं तेव्हा त्याला ना वायर होती ना बॅटरी. गुंडूनं खिशातून तो जुना कागद काढला. चार ओळींपुढं खुणा, पाचवीपुढं नाही. तोंड दिसलं नव्हतं ना. तो मशीनजवळ वाकला, कान लावला. आतून टक... टक टक. त्यानं कागद तसाच घडी करून खिशात ठेवला.

"काय झालं, मामा?" भंगारवाल्यानं विचारलं. "आत काय ऱ्हायलंय व्हय?"

वेलदोड्याचा वास भंगारवाल्यालाही आला असावा, कारण तो मान वळवून मागं बघत होता.