नऊ बोटांची स्केल

बायको गेली त्याला पाच महिने झाले तेव्हा मुलगी घरी आली आणि म्हणाली, "बाबा, पियानोचं काय करायचं?"

हा प्रश्न नव्हता. ती सगळं ठरवूनच आली होती. एक संगीतशाळा पियानो न्यायला तयार होती. पियानो गेला की हे घर बंद करायचं आणि मी तिच्याकडे राहायला जायचं.

"दिवसभर त्याच्याकडे बघत बसता," ती म्हणाली. "आईने तुम्हाला त्याची धूळ पुसायला ठेवलंय का?"

"तीन आठवडे दे. एक काम राहिलंय."

"काय काम?"

"शिकायचंय."

ती हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल. "रविवारी, तीन आठवड्यांनी," ती म्हणाली. "आणि मग नाही म्हणायचं नाही."

मी पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात फिटर होतो. सव्विसाव्या वर्षी प्रेस मशीनखाली उजव्या हाताची अनामिका गेली, लग्नाच्या आधीच. बायको पुढच्या खोलीत पियानो शिकवायची. एकतीस वर्षं, दुपारी चारपासून. वर्षातून एकदा तरी मला म्हणायची, "निदान एक स्केल शिका, ओळीने आठ सूर." मी हात वर करून दाखवायचो आणि म्हणायचो, याला दहा बोटं लागतात. त्यावर ती म्हणायची, "सूर आठ, बोटं नऊ. एक उरतंच की."

तिचं कपाट आवरताना एक वही सापडली. मधल्या एका पानावर पेन्सिलने लिहिलं होतं, 'ए मायनर. ह्यांच्यासाठी.' खाली आठ गोल आणि प्रत्येक गोलात बोटाचा आकडा. ए मायनर ही स्केल वाजवताना सातव्या सुरावर अनामिका येते, म्हणजे चौथं बोट. तिने चार हा आकडा लिहिलाच नव्हता. सहाव्यावर मधलं बोट, तिथूनच उडी मारून सातव्यावर पुन्हा मधलंच, आणि आठव्यावर करंगळी. कधी लिहिलं कोण जाणे. मला दाखवलं नव्हतं. मी चेष्टा केली असती, म्हणून नसेल दाखवलं.

पियानो जायच्या आत ते एवढं शिकायचं, असं मी ठरवलं.

रोज चार वाजता बसायचो. एखादं मशीन शिकावं तसा शिकलो, पन्नास वेळा सावकाश, पन्नास वेळा जरा जलद. तिसऱ्या सुरानंतर अंगठा बोटांखालून न्यायचा, ते दोन दिवसांत जमलं. सहा आणि सात यांच्यात मात्र मी अडायचो. इतर सूर शेजारी शेजारी असतात, हे दोन जरा लांब आहेत. सहावा पांढऱ्या पट्टीवर, सातवा काळ्या पट्टीवर, आणि उडी मारायची एकाच बोटाने. दर वेळी तिथे एक छोटी ठेच लागायची. लंगडा माणूस पायरी चढतो तशी माझी स्केल वर जायची.

पहिल्या आठवड्यात, बुधवारी, सातव्या सुरावर असताना दाराची घंटा वाजली. मी उठलो. दारापर्यंत गेलो नाही तोच मागे आठवा सूर वाजला.

दारात इस्त्रीवाला होता. कपडे घेतले, परत आलो. उठताना बाही लागली असेल असं धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम सातवर थांबलो. हात मांडीवर ठेवले आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. आठवी पट्टी खाली गेली आणि सूर वाजला. फार जोरात नाही. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याचं वाक्य पुरं करावं तसा.

मी समोरची फळी काढली. आत प्रत्येक तारेसमोर एक हातोडी असते, पट्टी दाबली की ती तारेवर आपटते. पुन्हा सात वाजवले. चारच्या मोजणीला आठवी हातोडी उठली, आपटली, मागे आली. स्प्रिंग ढिली असती तर ती केव्हाही उठली असती. ही फक्त सातानंतर उठत होती. अकरा वेळा करून बघितलं.

शुक्रवारी ट्यूनरला बोलावलं. बायको होती तेव्हापासून पियानोचे सूर जुळवायला वर्षातून दोनदा येणारा माणूस. त्याने सगळं उघडलं, घट्ट केलं, तेल दिलं. मग स्वतः सात सूर वाजवून थांबला. आम्ही दोघे उभे राहिलो. काही झालं नाही.

"आता तुम्ही," तो म्हणाला.

मला त्याच्यासमोर वाजवावंसं वाटलं नाही. "मला अजून येत नाही," मी म्हणालो.

त्याने हत्यारं पिशवीत भरली. "काका, पियानोला काही झालेलं नाही. तुम्ही जेवता का वेळेवर?"

"जेवतो."

"काय जेवता?"

मी त्याचे पैसे मोजून दिले. तो गेला, मी सात सूर वाजवले, आणि आठवा आला.

मग मी तपासणं सोडून दिलं. कोण आहे ते मला कळलं होतं. बायकोला अर्धवट स्केल खपत नसे. स्वयंपाकघरात असली तरी तिथून येऊन शेवटचा सूर वाजवायची आणि जायची. मी दाढी करायला लागलो, चारच्या आधी धुतलेला शर्ट घालायला लागलो. मुलीला फोन करून सांगितलं की पियानो जाणार नाही आणि मीही येणार नाही.

"आपलं काय ठरलं होतं?" ती म्हणाली.

"ठरलं होतं. आता बदललं."

"बाबा, तिथे एकटे काय करणार आहात?"

"एकटा नाही," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मी संगीतशाळेला लगेच नाही कळवत. गुरुवारपर्यंत विचार करा."

तिसऱ्या आठवड्यात मी पाचवर थांबून बघितलं. सहावा आला, सातवा आला, आठवा आला. मला इतका आनंद झाला की मी त्याच खुशीत चहा केला आणि दोन कप भरले.

कप धुताना एक गोष्ट लक्षात आली. सहा आणि सात यांच्यात ते अडलं होतं.

बायकोचा हात तिथे कधी अडला नाही. तिला दहा बोटं होती. पाचशे मुलांना तिने ही स्केल शिकवली असेल. ती ठेच माझी होती, माझ्या नसलेल्या बोटाची.

मी स्वतःला समजावलं की ती माझी नक्कल करत असेल. चेष्टेखोर होतीच. पण मन खाऊ लागलं.

गुरुवारी चार वाजता बसलो. या स्केलचा तिसरा सूर पांढऱ्या पट्टीवर असतो. तो शेजारच्या काळ्या पट्टीवर घेतला की ती मायनर राहतच नाही. ही चूक बायकोला आंघोळ करतानाही ऐकू यायची. बाथरूममधून ओरडायची, "तिसरा!" मी मुद्दाम तीच चूक केली. आठही सूर वाजवले, तिसरा चुकीचा. पुन्हा वाजवले, पुन्हा चुकीचा. असं वीस वेळा केलं. मला कोणीतरी थांबवावं म्हणून वाट बघत होतो.

कोणी थांबवलं नाही.

मग फक्त दोन सूर वाजवले आणि हात मांडीवर ठेवले. एक, दोन, तीन, चार.

तिसऱ्या सुराच्या जागी शेजारची काळी पट्टी खाली गेली. चुकीची.

मग चौथा, पाचवा, सहावा. ठेच. सातवा, आठवा.

म्हणजे मला कोणी शिकवत नव्हतं. माझ्याकडून शिकत होतं. पहिल्यांदा एक सूर, मग तीन, आता सहा. जे मी शिकवलं तेवढंच त्याला येत होतं.

मी झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. स्वयंपाकघरात येऊन मुलीला फोन केला.

"रविवारी येऊ दे त्यांना," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. त्याआधी जमलं तर तू ये. आजच ये."

"आज? काय झालं?"

"काही नाही. माझी बॅग भरायला ये."

"निघते," ती म्हणाली. "दीड तास लागेल. काहीतरी खाऊन घ्या."

मी फोन ठेवला. नळ नीट बंद केला. खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसलो.

बंद झाकणाखालून स्केल सुरू झाली. पहिल्या सुरापासून, या वेळी मी काहीही न वाजवता. तिसरा चुकला. सहा आणि सात यांच्यात ठेच लागली.

सातवर ती थांबली.

मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. चार झाले, दहा झाले, वीस झाले.

आठवा सूर येत नव्हता. तो आता मी द्यायचा होता.

मी खुर्चीतून हललो नाही.

पुढच्या खोलीतून लाकडाचा आवाज आला. पियानोसमोरच्या बाकाचा. शेजारी दुसऱ्याला जागा करून देताना माणूस थोडा सरकून बसतो, तसा.